टाचणीकाकूंचा मखमली पडदा

अंगाने काटकुळ्या आणि जिभेने टोकदार, म्हणून गावात कपडे शिवणाऱ्या त्या बाईंना सगळे टाचणीकाकू म्हणत. छातीतली गाठ काढल्यावर डॉक्टरांनी त्यांना किरणांचे पंचवीस शेक सांगितले. शेकाचं मशीन शहरात, बसने तीन तास. तिथे दहा मिनिटं पडून राहायचं आणि तीन तास परत. "शहरातच राहा ना महिनाभर," डॉक्टर म्हणाले, जणू अख्खं शहर दारं उघडून काकूंचीच वाट बघत होतं. सहा शेकांतच काकूंची पाठ बोलायला लागली.

गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात शेकाची खोली दोन वर्षांपासून तयार होती. भिंती दोन हात जाड. मशीन तेवढं यायचं होतं. इतक्या किरकोळ कारणासाठी उद्घाटन कशाला अडवायचं, म्हणून तिथल्या मोठ्या साहेबांनी मंत्र्यांची तारीख घेतली आणि दारावरच्या पडद्यासाठी काकूंकडे मखमल पाठवली.

साहेब राहायला शहरात. सरकारी गाडी रोज सकाळी त्यांना आणायला रिकामी जायची, संध्याकाळी त्यांना सोडून रिकामी परतायची. काकूंनी आधी मखमल कापली आणि मग साहेबांना गाठलं.

"पडदा झाला का?"

"पाठ साथ देत नाही, साहेब. बसचे धक्के फार. तुमच्या रिकाम्या गाडीत मला आणि आमच्या पोस्टमनभाऊंना बसू द्या. त्यांच्याही घशाला शेक चालू आहेत."

"नियमात बसत नाही हो, काकू."

"मग मखमल परत नेता का? तुकडे मोजून देते."

दुसऱ्या दिवशी दोघं गाडीत नियमात बसली.

पडदा रोज वीतभर पुढे सरकायचा. कधी दोरा संपे, कधी मंत्र्यांच्या नावातली वेलांटी चुके. उद्घाटन दोनदा पुढे गेलं. काकूंचे शेक संपले, पण पोस्टमनभाऊंचे पाच उरले होते. त्या दिवशी काकूंनी अख्खी किनार उसवली.

"आता काय झालं?" साहेब रडवेले झाले होते.

"वाकडी गेली होती. मंत्र्यांसमोर तुमचीच शोभा झाली असती."

भाऊंचा शेवटचा शेक झाला, त्याच आठवड्यात पडदा पोचला. मंत्र्यांनी दोरी ओढली, रिकाम्या खोलीत डोकावून "प्रशस्त आहे" म्हणाले आणि टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून गाडी पुन्हा हवा वाहू लागली.

वर्ष झालं. काकूंच्या तपासण्या चांगल्या येतात. परवा शेजारच्या गावची एक बाई तीस शेकांचा कागद घेऊन दारात उभी राहिली. काकूंनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि साहेबांना फोन लावला.

"साहेब, तुमच्या सभागृहातल्या खुर्च्या फार उघड्याबोडक्या दिसतात. अभ्रे शिवून देऊ?"