विहिरीच्या कडेची रिक्सिया

लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले, ते माझं पहिलंच वर्ष. अकरावीला ब्रायोफायटा शिकवायचा होता. वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या, त्या वाटेवरचा सुरुवातीचा टप्पा. मुलं हुशार, सकाळचा क्लास करून आलेली, पर्यायी प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ. "वनस्पतींमधले उभयचर कोण?" असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "ब्रायोफायटा!" पण त्यांतल्या एकानंही ती वनस्पती हातात धरलेली नव्हती. खरं सांगायचं तर मीसुद्धा ती बरणीतच पाहिलेली, औषधात बुडून पांढरी पडलेली.

म्हणून सप्टेंबरातल्या एका रविवारी मी शिरूर अनंतपाळची बस धरली. आमचं गाव तिथून जवळच. काका कामानं चाकूरला गेले होते, घरी काकू एकटीच होती. मी तिला म्हटलं, रिक्सिया नावाची बारकी हिरवी वनस्पती हवीय, ओल्या मातीला चिकटून वाढते, आपल्या विहिरीत असेल.

"शेवाळ म्हन की सरळ," काकू म्हणाली.

"शेवाळ पाण्यात असतं. ही पाण्याबाहेर आलेली."

"बरं, चल. पर मी काठावरच बसते. माझे गुडघे न्हाईत चालत."

विहीर जुनी, दगडानं बांधलेली. भिंतीतून पुढं आलेले दगड म्हणजेच पायऱ्या, धरायला काही नाही. मला पोहता येत नाही. अर्ध्यावरूनच परतायचं असं ठरवून मी चपला काढल्या आणि भिंतीला अंग घासत उतरू लागले.

वरच्या सांदीत हंसराज नावाच्या नेच्याची नाजूक पानं लोंबत होती. त्याच्या खाली ओल्या दगडांवर मॉसचा, म्हणजे ब्रायोफायटाचाच, मऊ थर. त्याच्याही खाली, पाण्यात, शेवाळाचे लांब हिरवे केस. खालून वर पाहत गेलं की अख्खा धडाच भिंतीवर होता. शेवाळाला पाणी सोडवत नाही. मॉस बाहेर आलं, पण त्याला खरी मुळं नाहीत, पाणी वर चढवायला नळ्या नाहीत, म्हणून ते ओलीला धरून राहतं. हंसराजाला नळ्या आल्या आणि तो वर चढला. हे बघता बघता मी अर्ध्याच्या पुढं गेले. अगदी खालच्या पायरीवर गाळ साचला होता आणि त्यावर हिरव्या चकत्या दिसत होत्या. मी वाकले. पाय सटकला.

पाणी नाकातोंडात गेलं. पायाखाली काही नव्हतं. वर आले तेव्हा हाताला मोटारीचा पाइप लागला आणि मी त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. मग दिसली पाइपालगतची वायर. माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर तिचा जोड होता, काळ्या पट्टीनं गुंडाळलेला, पट्टी एका बाजूनं सुटलेली.

"काकू, मोटार चालू आहे का?"

"लाइट न्हाई आत्ता!" काकू वरून ओरडली. मग तिचा आवाज एकदम बदलला. "पर आटो टाकलाय तुझ्या काकानं. लाइट आली की आपोआप चालू व्हतीया."

काकू धडपडत उठली.

"मी खटका पाडून येते. पाइप सोडू नको. पोरी, सोडू नको!"

तिचं डोकं काठावरून नाहीसं झालं.

स्टार्टरची पेटी बांधावरच्या शेडमध्ये होती. धावत गेलं तर दोन-तीन मिनिटं. पण काकूला धावता येत नव्हतं. पाइप सोडला तर बुडायचं, धरून राहिले आणि लाइट आली तर शॉक. मी वायरकडे न बघता भिंतीकडे बघायचं ठरवलं आणि सारखी वायरकडेच बघत राहिले. पाइपावर शेवाळाचा बुळबुळीत थर होता, हात हळूहळू खाली घसरत होते. कोट्यवधी वर्षांची उत्क्रांती हाताच्या अंतरावर होती, पण मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. मी फक्त आई, आई म्हणत होते. दूर कुठंतरी कुणाची तरी मोटार घरघरली. लाइट आली, असं वाटून मी डोळे गच्च मिटले.

काही झालं नाही.

"पाडला खटका!" वरून आवाज आला. मोटार दुसऱ्याच शेतातली होती. आमच्या खटक्याच्या आधी लाइट आली की नंतर, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

काकूनं बैलाचा कासरा झाडाला बांधला, दुसरं टोक धरून ती पायऱ्यांवर बसत बसत खाली आली. गुडघे न चालणारी काकू. तिनं टोक माझ्याकडे फेकलं, मी ते काखेतून गुंडाळलं आणि ती मागं रेलून ओढू लागली. मी पायरीवर पालथी पडले, तेव्हा तिनं आधी माझ्या पाठीत एक जोरात धपाटा घातला आणि मग मला पोटाशी धरलं. 

"त्या शेवाळापायी मेली असतीस की गं!"

वर आल्यावर आम्ही पाटाच्या कडेला बसलो. दात वाजत होते. काकूनं ओल्या मातीतून नखानं काहीतरी खरवडलं. "असलंच पायजे व्हतं का तुला? हितं लई हाय."

हिरव्या चकत्या, टोकाला दुभंगलेल्या. रिक्सियाच होती.

मंगळवारी मी ती बशीत घालून वर्गात नेली. मुलं बाकांवरून उठून भोवती जमली. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पहिल्यांदा बाहेर आलेल्या वनस्पतींचं काय झालं असेल?"

पुस्तकात उजेड, हवा, मोकळी जागा असे फायदे दिलेले होते. ते सांगायला मी तोंड उघडलं, पण आठवली ती विहीर. मी बशी टेबलावर ठेवली.

"बहुतेक वाळून मेल्या," मी म्हणाले. "ठरवून कुणी बाहेर आलं नव्हतं. डबकी आटली, कडेच्या उघड्यावर पडल्या. ज्यांच्या अंगात थोडी ओल टिकली, तेवढ्या राहिल्या."

 मग ती मुलगी बशीवर वाकली, बोटाचं टोक रिक्सियाला हळूच लावलं आणि म्हणाली, "गार लागते हो, मॅडम."