तिसऱ्यांचं पाणी

नदीच्या तळाचा गाळ तपासणीसाठी बाटल्यांत भरायचा, हे माझं काम. काठावर एक मावशी चिखलातून वेचलेले खायचे शिंपले, तिसऱ्या, बादलीतल्या स्वच्छ पाण्यात सोडत होत्या. शिंपले हळूच उघडत होते, पाणी गढूळ होत होतं.

"उद्यापर्यंत सगळी घाण टाकतील. लेक बाळंतपणाला आलीय, तिच्यासाठी कालवण. तूही ने गं बाय, काडी झालीयस नुसती!"

मी हसले. नदीकाठचा कारखाना कधीच बंद पडला. त्याचं रसायन मात्र अजून गाळात आहे, या इवल्या मांसातही. ते पाण्याने सुटत नाही. दर महिन्याला मी हे अहवालात लिहिते, तोंडाने कुणाला सांगत नाही.

"मावशी, तरी घाण राहते हो त्यांत," कसंबसं म्हणाले.

"होय?" त्यांनी बादली ओतली, पुन्हा भरली. "मग दोनदा बदलते पाणी."