अठरा लाखांचं खळं

आमच्या गावात घरपट्टी एक एप्रिलला भरणारं माणूस एकच, बायनाबाई. मी ग्रामपंचायतीचा लिपिक. वसुलीसाठी बाकीच्यांच्या दारात चपला झिजवतो. काही घरांतली कुत्रीसुद्धा मला पाहून भुंकायची थांबलीत, त्यांनाही कंटाळा आला असावा. बायनाबाई मात्र दहा वाजता कार्यालयासमोर बसलेली असते. कुलूप मी साडेदहाला उघडतो. ती फक्त घड्याळाकडे बघते. आमचं घड्याळ बंद आहे.

तिला तीन एकर रान. नवरा वारला, मुलगी सेलूला दिली. तिघांची कामं ती एकटी करते. रब्बीत टाळकी ज्वारी घेते आणि तिच्या ज्वारीत खडा सापडला तर दाखवा म्हणून अख्ख्या झरीच्या बाजाराला सांगते. पण पाच वर्षांपूर्वी मातीच्या खळ्यावर अवकाळी पाऊस पडला आणि सगळी रास काळी झाली. पुढल्या वर्षी तिनं डांबरी रस्त्यावर ज्वारी वाळू घातली, तर तिच्यावरून उसाचा ट्रक गेला. म्हणून तिनं ग्रामसभेत उभं राहून मागितलं, "गावाला एक सिमिटचा ओटा करा. समद्याइचं वाळवण हुईल."

सात ग्रामसभा ती हेच बोलली. आठव्या वेळी गावाच्या सेसातून आणि वरून आलेल्या निधीतून अठरा लाख जमले. ओटा आता होणार, असं मलाही वाटलं होतं.

तेव्हा आबासाहेब उभे राहिले. गावातली शाळा, कॉलेज, वसतिगृह चालवणारी संस्था आबासाहेबांची. ते म्हणाले, गावातली पोरं खेळात मागं पडली, आपण क्रीडासंकुल बांधू, जागा मी देतो. टाळ्या वाजल्या. आता जागा दिली म्हणजे सातबारा दिला असं नाही. जागा संस्थेच्याच नावावर राहणार होती. बांधकामही संस्थेच्याच ताब्यात राहणार होतं. दिली, एवढंच.

बायनाबाईनं हात वर केला. "जागा तुमची आन् पैका गावाचा, तर मंग खेळ कुणाचा हाय?"

लोक हसले. अर्ध्या गावातलं कुणी ना कुणी संस्थेत नोकरीला आहे, त्यांनी जरा जास्तच मोठ्यानं हसून घेतलं. आबासाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "अप्पा, लिहा. सर्वानुमते मंजूर."

मी लिहिलं. बायनाबाईचा वर केलेला हात मी पाहिला होता. माझं अक्षर चांगलं आहे, असं सगळे म्हणतात.

वर्षभरात संकुल झालं. म्हणजे व्हॉलीबॉलच्या मैदानाचा गुळगुळीत कोबा, त्यावर पांढऱ्या रेघा, दोन्ही बाजूंना बसायला पायऱ्या, पायऱ्यांवर पत्रे आणि पुढं आबासाहेबांच्या वडिलांच्या नावाची कमान. कमानीखाली पाटी लागली, "प्रवेश फक्त सभासदांना". जाळी दुसऱ्या टप्प्यात यायची होती. चेंडूही दुसऱ्या टप्प्यात. भिंत आणि गेट कोणत्या टप्प्यात, ते ठरलं नव्हतं.

उद्घाटनाच्या आधी चार दिवस मी तिकडून चाललो होतो. कोब्यावर ज्वारी पसरलेली आणि बायनाबाई कमरेला पदर खोचून पायानं दाणे वरखाली करतेय.

मी ओरडलोच. "बाई, काय करायलाव हे?"

"जवारी वाळू घालायले."

"अहो, हे क्रीडासंकुल हाय!"

"अप्पा, माझ्या ओट्याचा पैका कुठं गेला?"

"इकडं आला."

"मंग मी बी इकडं आले," ती म्हणाली आणि पुढची ओळ फिरवायला लागली.

मी आबासाहेबांना सांगितलं नाही. चार दिवसांत वाळेल आणि उचलेल, असा हिशेब मी केला. या हिशेबात एक चूक होती. आमच्याकडे वाळलेल्या धान्याचा ढीग घातला की ती रास होते. राशीभोवती राखेची रेघ ओढतात. रेघेच्या आत कुणी चप्पल घालून जात नाही आणि पूजा होऊन पहिलं माप पडेपर्यंत राशीला कुणी हात लावत नाही. बायनाबाईच्या घरात माप पडतं ते सोमवारी, सासऱ्यापासून ठरलेलं. उद्घाटन रविवारी होतं.

रविवारी सकाळी मैदानाच्या बरोब्बर मधोमध आठ क्विंटल ज्वारीची रास उभी होती. पांढऱ्या रेघांच्या आत राखेची गोल रेघ. बायनाबाई पत्र्याखाली पायरीवर भाकरी खात बसली होती. पाहुणे परभणीहून निघाल्याचा फोन येऊन गेला होता.

आबासाहेबांनी ट्रॅक्टरवाल्या बजरंगला फावडं देऊन पाठवलं. बजरंग रेघेपर्यंत गेला, चपला काढल्या, राशीला हात जोडले आणि परत आला.

"रास पडलीय, साहेब. मापल्याबिगर न्हाई हालवता येत."

"पगार कोण देतं तुला?"

"तुमीच देताव. पन रास हाय ती."

मग आबासाहेब स्वतः निघाले. चेहरा लाल, हातात बोट नाचवायची तयारी. आता बायनाबाईचं काही खरं नाही, असं आम्हाला वाटलं. रेघेपाशी ते थांबले. वाकले. बूट काढून बाजूला ठेवले आणि मगच आत जाऊन ओरडायला लागले. पंधरा वर्षांत ते रानात गेले नव्हते, पण पायांना ते कुणी कळवलं नव्हतं. अनवाणी माणसाचं ओरडणं फार वेळ टिकत नाही. दोन मिनिटांत ते "बायनाबाई, तुमी तरी समजून घ्या" इथपर्यंत आले.

"उद्या सोमवार हाय. उद्या उचलते," ती म्हणाली.

तेवढ्यात गाड्या आल्या. पाहुणे उतरले. यजमान राशीपुढं अनवाणी उभे दिसले, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या सगळ्यांनीही बूट काढले. कार्यक्रमाची सुरुवात शेतकरी पद्धतीनं ठेवल्याबद्दल त्यांनी आबासाहेबांचं कौतुक केलं. नारळ कमानीसाठी आणला होता, तो राशीपुढं फुटला. हळदकुंकू राशीला वाहिलं. फोटो निघाले. पेपरात पाहुणे, आबासाहेब आणि मध्ये बायनाबाई हात जोडून, असा चार कॉलम फोटो आला. अठरा लाखांच्या संकुलाचं उद्घाटन झालं की राशीची पूजा झाली, हे बातमी वाचूनही कळत नव्हतं.

सोमवारी बायनाबाईनं ज्वारी मापली. पहिल्या मापाला रिवाजाप्रमाणे एक न म्हणता "लाभ" म्हणाली. पोती भरली. मग कार्यालयात आली. दुसऱ्याच्या खळ्यावर रास केली की खळ्याच्या मालकाला त्यातली ज्वारी द्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. यंत्रं आल्यापासून फारसं कुणी पाळत नाही.

"अप्पा, त्या खळ्याचा मालक कोन?"

मी रजिस्टर काढलं. खरं तर गरज नव्हती. "जागा आबासाहेबांच्या संस्थेची. बांधकाम गावाच्या पैशाचं."

"मंग दोगाला बी द्यावं लागतंय."

आबासाहेबांच्या घरी तिनं जागेपोटी दोन शेर ज्वारी दिली. त्यांच्या आईनं ती पदरात घेतली, डोळ्यांना लावली आणि आत ठेवली. मग बायनाबाई टोपलं घेऊन गावात निघाली. तीनशे बारा घरं. प्रत्येक दारात एक ओंजळ. "खळ्याचा हक हाय तुमचा," एवढंच म्हणायची आणि पुढं जायची. घरपट्टी थकलेल्यांनाही दिलं. दोन दिवस लागले. अर्ध्या क्विंटलच्या वर ज्वारी गेली आणि तिला ती परवडणारी नव्हती, हे मला ठाऊक होतं.

आमच्या दारात आली तेव्हा शांतम्मा, म्हणजे आमची मंडळी, सूप घेऊन पुढं झाली. मी आतल्या खोलीत जाऊन उगीच कपाट उघडलं. दुसऱ्या दिवशी त्या ज्वारीची एक भाकरी झाली. पांढरीशुभ्र, खडा नाही. मला खाताना लाज वाटली. मी ती सगळी खाल्ली.

हक घेतलेल्या लोकांना मग त्या खळ्याची आठवण राहिली. आठवड्यात मैदानावर अकरा जणांची ज्वारी आली, वर दोघांची हळद. व्हॉलीबॉल खेळायला कुणी आलं नव्हतंच, त्यामुळं कुणाची गैरसोय झाली नाही.

एक मेच्या ग्रामसभेत आबासाहेबांनी ठराव मांडला. संकुलाची नासधूस होते आहे, तेव्हा गावाच्या निधीतून दहा फूट भिंत आणि लोखंडी गेट करावं. किल्ली संस्थेकडे राहील. बायनाबाईला अर्थ लगेच कळला. भिंत झाली की तिची ज्वारी परत मातीत. ती उभी राहिली. "ह्या टायमालाबी पैका गावाचाच का?" तिनं हात वर केला.

मी सभेकडे पाहिलं. हक घेतलेली बरीच घरं समोर बसली होती. कुणी नखं पाहत होतं, कुणी पंख्याकडे. पंखाही बंद होता. मी त्यांना नावं ठेवायला मोकळा नाही. माझा पुतण्या संस्थेत क्लार्क आहे.

आबासाहेब म्हणाले, "अप्पा, लिहा. सर्वानुमते मंजूर."

मी लिहायला घेतलं. नेहमीपेक्षा जरा वेळ लागला. झाल्यावर नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलं. "ठराव बहुमताने मंजूर. विरोध, दोन. एक, बायनाबाई. दोन, मल्लिकार्जुन, लिपिक, रहिवासी म्हणून."

आबासाहेब माझ्याकडे बघत राहिले. पुतण्यानं मान खाली घातली. बायनाबाईचा हात अजून वरच होता.

"अप्पा," ती म्हणाली, "नुस्तं लिवून न्हाई भागत. हात वर करावा लागतोय."

मी पेन खाली ठेवला आणि हात वर केला.