हर्नियाची पंगत

अंधेरीच्या चाळीत शेवंती परब दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती: आवाज आणि भाऊ. तिने दारातून धाकूला हाक मारली की समोरच्या चाळीतली पोरंसुद्धा घरी जात. धाकू चाळिशीचा, मिशीवाला आणि जन्मापासून गतिमंद. आई गेल्यावर तो शेवंतीकडे आला तो आईच्या पितळी डब्यासारखा. दुसऱ्या कुणी मागितला नाही आणि हिला कुणाला द्यायचाही नव्हता.

पंगतीत सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत घासाला हात लावायचा नाही, हे आईने धाकूला शिकवलं होतं. ते त्याने जेवणापुरतं ठेवलं नाही. त्याला खोकला झाला की औषध आधी शेवंतीने घ्यायचं, मग शेजारच्या कुंदाने, आणि कुंदाकडे पाहुणे असले तर त्यांनीही.

चौऱ्याऐंशी साली धाकूला हर्निया झाला. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं. पहिल्या इस्पितळात चौघांनी धरून सुई टोचायचा बेत केला. धाकू खिडकीतून पळाला आणि सापडला आरे कॉलनीच्या गोठ्यात, म्हशींच्या रांगेत. तिथे कुणालाच सुई टोचत नव्हते. आता दुखणं वाढलं, तेव्हा शेवंतीने त्याला दुसऱ्या इस्पितळात आणलं. हेही इस्पितळ हातचं गेलं तर पुढे काय, या विचाराने शेवंती त्याचा हात सोडत नव्हती.

"पुरुषांच्या वॉर्डात बायकांनी थांबायचं नाही," रत्नप्रभा सिस्टर म्हणाल्या.

"जाते की. पण त्याला सुई द्यायची तर आधी अख्ख्या वॉर्डला द्यावी लागेल. तेवढ्या सुया आहेत ना?"

सिस्टरांनी वॉर्डकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बसा त्या स्टुलावर."

सर्जन चंद्रप्रकाश मात्र गरजले, "कसली पंगत! चौघं बोलवा, धरा त्याला!"

"धरा ना डॉक्टर. फक्त खिडक्या लावा, आणि आरेला एक गाडी पाठवून ठेवा."

डॉक्टरांनी खिडक्या मोजल्या आणि सिस्टरांना खूण केली. सिस्टर बिनसुईची सिरिंज घेऊन खाटेखाटेवर फिरल्या.

"ओ सिस्टर, माझा पाय मोडलाय, हर्निया नाय!" वेसाव्याचा तुळशीदास कोळी ओरडला.

"अरे, मग पायासाठी ओरड!" शेवंती म्हणाली.

सगळा वॉर्ड ओळीने "आई गं!" म्हणाला. धाकूने समाधानाने दंड पुढे केला.

दुसऱ्या दिवशी त्याचा उपास, म्हणून वॉर्डाचा उपास. मधुमेहवाल्यांना शेवंतीने जिन्यात नेऊन चपात्या खाऊ घातल्या. मग वॉर्डबॉय अंबादास वस्तरा घेऊन आला. त्याने पात्याशिवाय सगळ्यांची पोटं भादरली. एवढ्यात चंद्रप्रकाश आले. धाकूने त्यांच्या पोटाकडे बोट दाखवलं, "त्येंचा रवला."

डॉक्टरांनी निमूट शर्ट वर केला. पण अंबादास एव्हाना रंगात आला होता. त्याने साबण फासला, खरं पातं चढवलं आणि डॉक्टर "अरे, अरे!" म्हणेपर्यंत अर्धं पोट लख्ख केलं.

"आता स्ट्रेचर. डॉक्टरही आडवे होणार ना?" धाकूने विचारलं.

"मी आत येतोच आहे!"

"झोपान."

डॉक्टरांनी शेवंतीकडे पाहिलं. ती पदर तोंडाशी धरून बसली होती. हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. डॉक्टर झोपले. दोन स्ट्रेचर शेजारी शेजारी आत गेले. भूल देणारे साहेब नवे होते. त्यांनी भादरलेलं पोट पाहून आधी डॉक्टरांचीच नाडी धरली.

"अहो, मी सर्जन आहे!"

"हो हो. घाबरल्यावर लोक काहीही बोलतात."

शेवटी ऑपरेशन ज्याचं व्हायचं त्याचंच झालं, आणि नीट झालं. शुद्धीवर येताच धाकूने विचारलं, "सगळ्यांचा झाला?" तुळशीदासाने खोटी पट्टी बांधलेला प्लास्टरचा पाय उंच करून दाखवला.

घरी जायच्या दिवशी धाकू पिशवी घेऊन खाटेवर बसून राहिला. सगळे निघाल्याशिवाय तो कसा निघणार? म्हणून कुबड्या, प्लास्टर, सलाइनच्या बाटल्या सांभाळत सगळा वॉर्ड फाटकाबाहेर आला. धाकूने पिशवीतली मोसंबी सोलून प्रत्येकाला फोड वाढली. एक उरली, ती शेवंतीच्या तळहातावर ठेवली.

"तुझा रवला होता," तो म्हणाला.

शेवंतीने फोडीचे दोन तुकडे केले. दोघांनी खाल्ले आणि ती त्याला रिक्षात बसवू लागली. मागे वळून पाहते तो सगळा वॉर्ड फाटकाशी खोळंबलेला. रखवालदार धोंडिराम कुणाला आत घेईना. भेटीची वेळ संपली होती.

मग शेवंतीने रिक्षाजवळूनच धोंडिरामला हाक मारली. फाटक उघडलं, आणि इस्पितळाच्याही समोरच्या चाळीतली पोरं घरी गेली.