इटियाडोहची मच्छी आणि माझा सुजलेला ओठ

कविता पाठ करताना आमचा अख्खा वर्ग एका चालीत डुलायचा, आणि मागून शेजारच्या धानगिरणीचा पट्टा फटफट, फटफट ठेका धरायचा. केशोरीच्या शाळेतला तो आवाज एका पहाटे गोंदियातल्या घरी, पलंगावर पडल्या पडल्या ऐकू आला. गिरणी अजून आहे का, ते बघून यावं म्हणून पिशवी भरली.

जाणाऱ्यांनी सकाळची पॅसेंजर पकडावी. तिकीट नाश्त्याहून स्वस्त पडतं. खिडकी मात्र सोडू नका, धानाच्या बांध्या संपता संपत नाहीत. सौंदडला चहा घेतला. कागदी कप ओठाला नीट लागेना, चहा सदऱ्यावर सांडला. हल्ली कपसुद्धा धड बनवत नाहीत, असं ठरवून मी विषय मिटवला.

अर्जुनीला उतरून मोरेश्वरची जीप केली. भाडं आधी ठरवा; गप्पा फुकट मिळतात. इटियाडोह धरणाच्या वाटेवर वनमालाबाईंची खानावळ लागते. धरणाची मच्छी, वाफाळता भात, कांदा. रस्सा असा की दुसऱ्यांदा भात मागताना लाज वाटत नाही.

मी तो मागत असतानाच मोरेश्वर माझ्याकडे टक लावून बघू लागला.

"काजी काका, तुमचा ओठ काऊन असा लटकून राह्यला?"

जीपच्या आरशात पाहिलं. खालचा ओठ छोट्या वांग्याएवढा झाला होता. दुखत नव्हता, खाजत नव्हता. नुसता होता.

"मच्छी लागली!" मोरेश्वरनं जाहीर केलं. शेजारच्या टेबलावरचे चौघे हात धुवायला उठले, ते परत बसलेच नाहीत.

वनमालाबाई झारा घेऊन बाहेर आल्या. "मोऱ्या, तू बी थेच खाल्लं ना? तुहं तोंड काऊन नाई सुजलं?"

"माहं तोंड पक्कं हाय."

"थे तं गावाले माहीत हाय." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "काका, मालक गेल्यापासून या चुलीवर दोन पोरी शिकून राह्यल्या. मच्छीचं नाव खराब झालं, तं मी इकू काय?"

त्यांची बाजू घ्यायला मी तोंड उघडलं. ओठ मिटेनात, नुसती हवा बाहेर आली. बाईंनी चूल विझवली, पदर खोचला आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर बसल्या. "दवाखान्यात चाल. डाक्टरीण काय म्हंते, थे मले बी आयकू दे."

अर्जुनीच्या डॉक्टरीणबाईंनी आधी जीभ पाहिली, घसा पाहिला, श्वास तपासला. "मासळीची ॲलर्जी असती तर बहुतेक अंगावर गांधी उठल्या असत्या, खाज सुटली असती. आजोबा, सूज जेवणाआधी जाणवली होती?"

मला सौंदडचा कप आठवला. सांगितलं. रक्तदाबाच्या गोळीची पट्टी खिशात होती, तीही दाखवली. नाव 'प्रिल'नं संपणारं.

"मला तरी या सुजेचं कारण ही गोळीच दिसते. या गोळ्या कधी कधी असा ओठ सुजवतात. वर्षानुवर्षं घेतल्यावरसुद्धा."

"आयकलं का, मोऱ्या?" वनमालाबाई म्हणाल्या. मोरेश्वर भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचू लागला.

गोळी त्या क्षणापासून बंद, त्या जातीची पुन्हा कधीच नाही. बदली दुसऱ्या प्रकारची दिली. इंजेक्शनानं अशी सूज फारशी हटत नाही, ती आपल्या चालीनं उतरते, असं सांगून मला रात्रभर नजरेखाली ठेवलं. वाचकहो, ओठासोबत जीभ सुजली, आवाज बदलला किंवा दम लागला, तर कारणं शोधत बसू नका. सरळ दवाखाना गाठा.

दुसऱ्या दिवशी केशोरीला गेलो. गिरणी आहे. विजेवर चालते. आवाज येत नाही.

आता घरी ओठ जागेवर आहे, प-फ-ब-भ-म खणखणीत येतात. डोक्यात मात्र ते रिकामं टेबल राहिलंय. खुलासा दवाखान्यात झाला, बोभाटा रस्त्यावर. म्हणून हे लिहायला बसलो, तर दार वाजलं.

दारात मोरेश्वर. हातात स्टीलचा डबा, तोंड उतरलेलं.

"वनमालाबाईनं मच्छी धाडली, काका. माह्यासमोर खा, फोटो काढू द्या. थो फोटो खानावळीत लागल्याबिगर मले जेवाले वाढत नाई म्हंते."