‘खाली’ लिहिलेली बाटली

गॅस फुटतोय म्हणलं आणि पोरीला कमरेवर टाकून मी अनवाणीच जिना उतरायले. तोच वास, सिलिंडर गळला की येतो तो, नाकात शिरून डोकं धरणारा, आणि सासूबाई स्वयंपाकघरात एकट्या. "आत्या, बाहेर या, काडी ओढू नका, बटण दाबू नका," मी ओरडायले. खालच्या किराणा दुकानातले चाचा धावत वर गेले, खिडक्या उघडल्या, सिलिंडरला कान लावला. म्हणाले, "गैस तो बंद है बेटा. ये कुछ और सडेला है."

तेव्हा कळलं. काकांची बाटली.

आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या काकांसारखा माणूस अख्ख्या हैदराबादेत दुसरा नाही. ज्या गावाला समुद्र नाही तिथं राहून समुद्राचा चिखल सांभाळतात. हाताला येईल ते आधी हुंगतात, भाजी हुंगतील, पेपर हुंगतील, आमच्या पोरीची, चिमीची, टाळू हुंगून म्हणतील, "हिचा वास फार चांगला आहे, हिला ठेवा." चहा दिला तर पीत नाहीत, कपाकडे बघत बसतात. "बसू दे, बसू दे," भुकटी तळाला जाऊ दे म्हणून. एकदा गणपतीच्या वर्गणीला पोरं आली, काका कपाकडे बघून "बसू दे" म्हणाले, ती बिचारी बसली, चहा निवेपर्यंत बसूनच राहिली.

काम त्यांचं समुद्राचं. किनाऱ्याला जायचं, होडीतून पाण्यात नळकांडी टांगायची, वरून झरेल ते धरायचं. मी सातवीतच शाळा सोडली, पण काका सांगायचे ते मला कळायचं. समुद्रात डोळ्याला न दिसणारं शेवाळ असतं, ते खाऱ्या पाण्यात टिकायला पोटात गंधकाचा एक पदार्थ करतं. त्यातलं थोडं हवेत उडतं, तो समुद्राचा वास. "आणि बाकीचं, सूनबाई? बारीक किडे ते शेवाळ खातात, त्यांची घाण तळाला जाते, तिच्यासंगं गंधकही जातं. किनाऱ्याला पाणी उथळ, वाटेत विरघळायच्या आत खाली पोचतं. किती पोचतं, तेच मला मोजायचंय."

मग सरकारनं म्हणे बाजार सगळा खुला केला. आबिड्सच्या दुकानात रंगीत फ्रीज आले, आणि काकांच्या सरकारी ऑफिसला सांगितलं, कंपन्यांची कामं घ्या, आपली कमाई आपण करा. चिखलाला गिऱ्हाईक कोण? तिथला फ्रीज दुसऱ्याला दिला आणि काका बाटल्या पोटाशी धरून माझ्या दारात. "गार नाही राहिल्या तर माझं सगळं काम गेलं." मी आमच्या फ्रीजमध्ये ठेवल्या. काळ्याभोर बाटल्या, आतलं काही दिसत नाही, वर काकांच्या अक्षरात चिठ्ठ्या. काहींवर 'वर', म्हणजे पाण्याच्या वरचं. काहींवर 'खाली', म्हणजे तळाचं.

सासूबाईंचा जन्म इथल्याच काचीगुड्यातला. त्यांच्या तोंडात 'रिकामं' कधी येतच नाही, हिंदीसारखं 'खाली'च. बस खाली, खुर्ची खाली, माझं डोकं तर कायमच खाली. लोणच्याला बाटली पाहिजे होती, 'खाली' वाचलं, उघडली.

संध्याकाळी काका ती बाटली ओंजळीत धरून उभे. सासूबाई म्हणाल्या, "किड्यांची हगवण माझ्या लोणच्याशेजारी? उद्याच्या उद्या खोली सोडा."

"सोडतो वहिनी. जागा मिळेपर्यंत बाटल्या तेवढ्या राहू द्या."

"त्याच आधी जातील."

आमचे मालक, चिमीचे वडील, पेपरात तोंड घालून बसले. मी त्या घरात कधी आवाज चढवला नव्हता, पोरगी कडेवर, आणि तोंडातून निघालंच. "आत्या, फ्रीज माझ्या बाबांनी दिलाय. त्यात काय ठेवायचं ते मी ठरवीन. बाटल्या बी राहतील, काका बी राहतील."

"जीभ फुटली का ग तुला?"

"फुटली."

"पोरीला काही झालं असतं तर?"

"वासानं काही होत नाही. गॅसमध्ये बी वास मुद्दाम घालतात, माणूस वेळेवर पळावा म्हणून. तो बी गंधकाचाच. काकांनी सांगितलं होतं म्हणून तर मी पळाले."

सासूबाई लोणच्याची बरणी उचलून आत गेल्या. काका राहिले. त्यांनी सगळ्या 'खाली' खोडून 'तळ' लिहिलं.

पुढं ऑफिसनं त्यांना घरीच बसवलं, तेव्हा किनाऱ्याच्या एका कॉलेजात काम धरून ते गेले. बाटल्या नेल्या, ती एक सोडून. "हवा लागली तिला, आता मोजता येत नाही. फेकून दे."

मी नाही फेकली. लोणच्याच्या मागं आहे. चिमी दुधाच्या पेल्याकडे बघत "बसू दे" म्हणते आणि निवेपर्यंत तोंड लावत नाही. घर खाली असलं, म्हणजे सासूबाईंचं खाली, की मी ते झाकण जरासं सैल करते. मी समुद्र अजून बघितला नाही. वास घाणच येतो, खोटं कशाला सांगू. सासूबाई रोज म्हणतात, टाक ती बाटली. तुम्ही माझ्या जागी असता तर टाकली असती का?