जागेवरची सायकल

सायकल कुणाचीही असो, उभी दिसली की बाई आधी तिचं मागचं चाक अंगठ्याने दाबून बघायच्या. माझ्याकडे तर सायकलींची रांगच असते, कारण मी नागावला पर्यटकांना सायकली भाड्याने देतो. सकाळी बाई फाटकातून आत यायच्या, वॉर्डात फेरी मारावी तशा रांगेतून एक फेरी मारायच्या आणि म्हणायच्या, "ह्या लालबाईत जीव न्हाय. हवा भर." मी हातातला चहा ठेवून पंप उचलायचो. न उचलून करतो काय? माझ्या दंडात लहानपणी सुया टोचल्या त्या ह्याच बाईंनी.

तुमच्याही गावात अशी एक नर्सबाई असेल, जिचं नाव कुणी घेत नाही, नुसतं 'बाई' म्हटलं की पुरतं. आमच्या बाई सरकारी उपकेंद्रात होत्या. कॅरिअरला लशींचा डबा बांधून काळ्या लेडीज सायकलवरून त्यांनी आसपासची सगळी गावं पालथी घातली. मुलांना सुई टोचताना 'दुखणार नाही' असं त्या कधी खोटं बोलल्या नाहीत. "दुखंल थोडं. मी हाय ना," असं म्हणायच्या आणि तेवढ्यात सुई आत गेलेली असायची. पुढे हे वाक्य त्या कुठेही वापरू लागल्या. मी बोहल्यावर चढलो तेव्हाही पुढे होऊन माझ्या कानात हेच म्हणाल्या होत्या, आणि माझी बायको अजून विचारते की बाई त्या दिवशी काय म्हणाल्या.

निवृत्त झाल्यावरही सायकल सुटली नाही. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, आमच्या शेजारी त्यांचं दोन खोल्यांचं घर आणि मागे पोफळीची छोटी वाडी. चौलला त्यांची मोठी बहीण राहायची, तीही एकटीच. तिला साखरेचा आजार, आणि त्यात दृष्टी जवळजवळ गेलेली. रोज सकाळी बाई सायकल मारत चौलला जायच्या, ताईला इन्सुलिनची सुई द्यायच्या, तिची वेणी घालायच्या, गप्पा मारायच्या आणि ऊन चढायच्या आत परत यायच्या. मी एकदा म्हटलं, "बाई, आता रिक्षाने जात जा." त्या म्हणाल्या, "रिक्षावाला बाहेर उभा राहून हॉर्न मारतो. माझी ताई बिचारी अर्ध्या गोष्टीत गप बसते."

अशा बाई पावसाळा सरता सरता विहिरीच्या पायरीवर शेवाळावरून घसरल्या. उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, पण पाय वाकेना. खुर्चीत बसल्या की तो पाय ओंडक्यासारखा समोर. अलिबागच्या दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं, "आजी, रोज पॅडल मारा. पण रस्त्यावर नाही हं, जागेवरच. आता वाकवला नाहीत तर हा पाय असाच राहील."

'आजी' ऐकूनच बाईंचं डोकं फिरलं होतं. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "जायचं न्हाय कुठं, मग पाय कशाला मारायचे?" पण रात्रंदिवस त्यांना घोर होता तो ताईचा. ताईला सुई द्यायला शेजारची सून यायची. ताई कधी घ्यायची, कधी फोनवर 'घेतली गं' म्हणून मोकळी व्हायची. बाईंना तिच्या आवाजावरून कळायचं. मी म्हटलं, "मग तिकडेच जाऊन राहा ना." त्यावर बाई म्हणाल्या, "तिच्या घराला हे उंच जोतं, संडास वाडीच्या टोकाला. हा पाय घेऊन गेले तर एका घरात दोन आजारी. कोण कुणाला पाणी देणार?"

मग मीच शोध लावला. आमच्या समुद्राकडच्या एका बंगल्यात मुंबईच्या मालकांनी टाळेबंदीच्या काळात सायकलचा ट्रेनर आणला होता. ट्रेनर म्हणजे एक लोखंडी घोडी. तिच्यात आपल्याच सायकलचं मागचं चाक दोन्ही बाजूंनी पकडून उचलून धरायचं. चाकाला खालून एक रोलर टेकतो आणि त्या रोलरला चुंबक अडवतो, म्हणून पॅडल मारायला जोर लागतो. चाक फिरतं, सायकल तिथेच. मालकांची हौस टाळेबंदीबरोबरच संपली होती. आम्ही गेलो तेव्हा घोडी बावीच्या, म्हणजे विहिरीच्या कडेला उभी होती आणि माळ्याच्या बायकोने तिच्यावर सुपात जवळा, ती बारीक कोलंबी, वाळत घातला होता.

बाईंनी काठी टेकत तिच्याभोवती फेरी मारली. रोलर हाताने फिरवून बघितला, तो हलला नाही. माळ्याला विचारलं, "कधीपासून पडून हाय?"

"दोन-तीन पावसाळे झाले असतील, बाई."

"आणि कुणी हात न्हाय लावला?"

माळी ओशाळला, जणू त्यानेच पेशंट टाकून दिला होता. "जाम झालाय हो तो. भंगारात जाणार."

"जाम तर मी पण झालेय," बाई म्हणाल्या. "मला कुठं भंगारात टाकलं कुणी?"

घोडी माझ्या टेम्पोतून घरी आली. जवळ्याचा वास मात्र तिचा पुढे महिनाभर गेला नाही. माझी मांजर तिच्या पायाशी बसून राहायची.

खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचं काय होतं ते मला सांगू नका, माझा धंदाच त्यावर चालतो आणि त्यानेच बुडतो. पर्यटक माझ्या सायकली लाटांत नेऊन उभ्या करतात, फोटो काढतात आणि वर विचारतात की साखळी का कुरकुरते. ह्या घोडीचे सगळे बोल्ट डिझेलात भिजत घातले. रोलरची बेअरिंगं पिठासारखी झाली होती, त्यांना जोड सापडला तो विहिरीच्या पंपाच्या बेअरिंगांत. चुंबकाची तुटलेली तार बदलून माझ्या एका सायकलच्या ब्रेकची तार टाकली. अडलं ते शेवटी. ही घोडी नव्या सडपातळ सायकलींसाठी केलेली, आणि बाईंच्या सायकलच्या आसाला हे जाडजूड नट. घोडीच्या पकडीत ते बसेनात.

मी म्हटलं, "बाई, माझी एखादी नवी सायकल लावू."

"न्हाय. माझा पाय तिला ओळखतो."

म्हणून रेवदंड्याला होड्यांची कामं करणाऱ्या लेथवाल्याकडून नटांच्या मापाच्या दोन लोखंडी टोप्या कातून आणल्या. त्या पकडीत बसवल्या आणि काळी सायकल घोडीवर चढली. पुढच्या चाकाखाली जांभ्याचा चिरा दिला. सीट होती तेवढी वर खेचली, म्हणजे गुडघा कमी वाकवावा लागेल. बाईंच्या पडवीत ते सगळं उभं राहिलं तेव्हा बाईंनी घोडीला हळद-कुंकू लावलं आणि मला नारळ फोडायला लावला.

पहिल्या दिवशी पॅडल वरपर्यंत गेलंच नाही. अर्धं वर, परत खाली, पाळणा हलवावा तसं. बाईंच्या कपाळावर घाम आला. असे कितीतरी दिवस गेले. मग एका सकाळी उलटं, मागच्या बाजूने, पॅडल एकदा पूर्ण फिरलं. बाई तिथेच थांबल्या आणि पदराने तोंड पुसत बसल्या. मी भिंतीपलीकडून बघत होतो. मला एकदम भरून आलं, आणि मग मी उगाचच गिऱ्हाइकावर ओरडलो.

पुढे सरळ फिरू लागलं. बाई सीट थोडी थोडी खाली आणायच्या आणि आदल्या उंचीवर पडवीच्या खांबाला चिकटपट्टीचा तुकडा लावायच्या. खांबावर पांढऱ्या पट्ट्यांची रांग झाली. रोज सकाळी शेजारून गिरणीसारखी घरघर सुरू व्हायची. माझी बायको त्या घरघरीवर कुकर लावायची.

एका सकाळी बायको म्हणाली, "आज बाईंची गिरणी बंद?"

तेवढ्यात बाईंचीच हाक आली. "अरे ए, बघायला ये. मी सुटले."

जाऊन बघतो तर बाई सुसाट पॅडल मारतायत. चुंबकाचा जोर वाढवायचा खटका शेवटच्या आकड्यावर, आणि पाय कसे, वाऱ्यावर. चेहरा उजळलेला. आवाज मात्र काही नाही. "मी ताईला फोन करून टाकला," त्या म्हणाल्या. "रविवारी येते म्हणून सांगितलं. ती रडायलाच लागली."

मी खाली वाकलो. चाक भन्नाट फिरत होतं आणि रोलर जागचा हलत नव्हता. बोट लावून बघितलं तर बोट चकचकीत. खोबरेल.

तुम्ही हसाल. आमच्याकडे कुणी हसणार नाही. समुद्रकाठच्या माणसाला लोखंड दिसलं की त्याला तेल लावल्याशिवाय राहवत नाही. कोयता, विळी, बिजागरी, बावीचा रहाट, सगळ्यांना तेलाचं बोट. बाईंनीही घोडीला गंज चढू नये म्हणून आदल्या संध्याकाळी बिजागऱ्यांपासून बोल्टांपर्यंत सगळीकडे खोबरेल चोळलं होतं, आणि रोलरला तर जरा जास्तच. रोलरनेच टायरला धरून ठेवायचं असतं, तो घसरला की सगळा जोर संपला. पायात ताकद आली नव्हती, नुसतं तेल लागलं होतं.

हे सांगायचं कसं? ह्या बाईने माझ्याशी कधी खोटं बोलून सुई टोचली नव्हती. आणि ह्या पायाने चौलचा रस्ता, मागून येणाऱ्या गाड्या, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी तेलाचं बोट त्यांच्यासमोर धरलं आणि सांगून टाकलं.

बाईंनी पॅडल थांबवलं. मग म्हणाल्या, "शाळेत मुलं थर्मामीटर चहात बुडवायची. ताप दाखवून सुट्टी घ्यायला. मी त्यांचे कान पिळायची." आणि स्वतःच्या कानाची पाळी धरून हसायला लागल्या. हसता हसता थांबल्या. "पण ताईला काय सांगू रे? ती दिवस मोजत बसली असंल."

बाईंनी फोन लावला आणि पलीकडून कोणी बोलायच्या आत म्हणाल्या, "ताई, माझं चुकलं. पाय अजून तयार न्हाय झाला. येणार मी, पण तू तोवर सुई घे. न्हाय घेतलीस तर मी कुणासाठी पाय मारतेय?"

मग भांडी घासायची पूड घेऊन आम्ही दोघांनी रोलर आणि टायर धुऊन काढले. दुसऱ्या सकाळी घरघर पुन्हा सुरू झाली. बायकोने कुकर लावला. आता बाई पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसायच्या आणि मधेच मला हाक मारून रोलरला बोट लावून बघायला सांगायच्या. स्वतःवरचा त्यांचा विश्वास जरा उडाला होता, आणि मला ते बघवत नसे.

होळीच्या आसपास त्यांनी शेवटची पट्टी लावली. सीट जुन्या जागेवर आली होती. आम्ही सायकल घोडीवरून उतरवली. मी म्हटलं, "पहिल्या दिवशी मी मागे मागे येतो."

"मी काय तुझं गिऱ्हाईक हाय, सायकल वाळूत न्यायला?" म्हणाल्या. तरी मी थोडं अंतर ठेवून गेलोच. वळणापाशी त्यांनी मागे न बघताच हाताने मला परत फिरायची खूण केली. पाठ ताठ, पाय एका लयीत. मी परत फिरलो.

काही दिवस त्या जाऊन येऊन होत्या. मग ताईच्या टाचेला जखम निघाली. आंधळ्या माणसाला ती दिसली नव्हती, शेजारणीला कळली नव्हती. बाईंना पहिल्याच आठवड्यात कळली. रोज दोनदा मलमपट्टी, रात्रीही कुणी हवं. एका सकाळी बाई कॅरिअरला कपड्यांची पिशवी बांधून आल्या, घराची किल्ली माझ्या बायकोच्या हातात दिली आणि गेल्या.

घोडी पडवीत तशीच आहे. सकाळ फार गप्प झाली आहे. खरं सांगायचं तर मला करमत नाही. वर राग येतो तो स्वतःचाच, की मीच बेअरिंगं घातली, मीच टोप्या कातून आणल्या, आणि त्यानेच शेजार रिकामा केला.

परवा बाईंच्या वाडीतल्या सुपाऱ्यांचं पोतं घेऊन मी चौलला गेलो. पोतं हे निमित्त. 'परत कधी येताय' हे विचारायला गेलो होतो. फाटकातून ओटी दिसत होती. ताई भिंतीला टेकून बसली होती, आणि तिच्यासमोर बाई खाली, जमिनीवर, मांडी घालून. दोन्ही गुडघे पुरते वाकलेले. ताईचं पाऊल मांडीत घेऊन त्या टाचेवरची पट्टी अगदी सावकाश सोडवत होत्या, आणि ताई कसलीतरी लांबलचक गोष्ट सांगत होती.

मी पोतं पायरीवर ठेवलं आणि न विचारताच निघालो. बाईंनी मान वर केली नाही. त्यांना आता तिथून उठायची घाई नव्हती.